दारावरची ढाळी

आमचा एक भाचा पुण्यास महाविद्यालयांत शिकतो. सुटींत तो आमच्याकडे नगरास येतो, माळ्यावरचीं जुनीं पुस्तकें खालीं काढतो, आणि तीं पुन्हां वर न ठेवण्याचें व्रत मोठ्या निष्ठेनें पाळतो. गेल्या वैशाखांत स्वारी आली ती एक जाडजूड वही बगलेंत मारून. वहींत एक कादंबरी होती. निदान तिचीं पहिलीं साठ पानें तरी होतीं. कोण्या एका काल्पनिक पर्वतराज्याची ती कथा. आरंभीं सुबक नकाशा काढलेला, नद्यांना व खिंडींना कानास गोड लागणारीं नांवें दिलेलीं. आणि त्या राज्यांतील समाजाची रचना अशी कीं, प्रत्येक काम एकेका वंशाकडे जन्मानें वांटून दिलेलें. एक वंश निवाडा करणाऱ्यांचा, एक हेरांचा, आणि एक वंश असा कीं, ज्यास समाजाबाहेर टाकावयाचें त्याच्या दारावर रात्रीं जाऊन खूण करावयाची एवढेंच त्याचें पिढीजात काम. ही व्यवस्था दहा हजार वर्षें अढळ चालत आली आहे, असें पहिल्याच प्रकरणांत दोनदां सांगितलें होतें.

आमचें वाचून होईपर्यंत भाचा समोर नखें कुरतडीत बसला होता. वही मिटतांच म्हणाला, “मामा, खरं सांगा, हें फार बनावट वाटतं का? दारावर खूण करायला एक वेगळी जातच असते, हें कुणाला पटेल का?”

आम्हीं त्यास कांहींएक न बोलतां माळ्यावर पुन्हां चढावयास सांगितलें, आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियराचे खंड खालीं आणविले. आमच्या जिल्ह्याचा खंड १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या मालेंत सह्याद्रीच्या डोंगरांत राहणाऱ्या महादेव कोळ्यांची जी हकीकत दिली आहे, ती त्याच्यापुढें उघडून ठेवली. हे डोंगर म्हणजे कांहीं तिबेटांत नव्हेत. नगरहून एस. टी. नें निघालें तर संगमनेर, अकोलें करीत सकाळची निघालेली गाडी दुपारीं राजुरास पोहोंचते. आणि तेथून पुढें कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सारा डांगाणाचा मुलूख लागतो. नोकरीचीं पहिलीं सात वर्षें आम्हीं त्याच मुलुखांतल्या एका शाळेंत मास्तरकी करण्यांत घालविलीं.

त्या हकीकतींत लिहिलें आहे तें असें. कोळ्यांत कोणी जातीचा नियम मोडला तर त्याचा निवाडा गोतरणी नांवाची एक सभा करीत असे. सभेचा मुख्य तो रगतवान. त्याच्या हाताखालचा तो मेटल. गांवोगांव हिंडून लोकांच्या वागणुकीची चौकशी करणारा आणि आरोपीस धरून रगतवानापुढें उभा करणारा तो साबळा. सभेचा हुकूम जो मानणार नाहीं त्याच्या दारावर झाडाची फांदी लावणारा एक. इंग्रजी लिपींत लिहिलेला त्याच्या हुद्द्याचा शब्द आम्ही ‘ढाळ्या’ असा वाचतों, कारण ढाळी म्हणजे डहाळी हें आमच्याकडे पोरही सांगेल. एवढ्यानें भागलें नाहीं तर हाडक्या यावयाचा. मेलेल्या गाईचें हाड त्यानें अपराध्याच्या दाराशीं बांधलें कीं तो मनुष्य जातीबाहेर गेला. पुढें त्यानें दंड भरला, गोतास जेवण घातलें, म्हणजे सर्वांत शेवटीं मडक्या येई. घराची शुद्धि त्याच्या देखरेखीखालीं होई, आणि घरांतलीं जुनीं मातीचीं भांडीं तो घेऊन जाई. हीं सहाही कामें पिढीजात. रगतवानाचा मुलगा रगतवान आणि मडक्याचा मुलगा मडक्या.

भाचा वाचतां वाचतां एकदम हंसूं लागला. आम्हांसही हंसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. हाडक्या काय, मडक्या काय! नांवेंच तशीं आहेत. मनुष्याचे जन्मजात कर्म ‘दुसऱ्याच्या दारीं हाड बांधणें’ हें असावें, बारशाच्या दिवशींच तें ठरून जावें, ही कल्पना शहरांत पंख्याखालीं बसून वाचणारास विनोदाचीच वाटणार.

ही मूळ हकीकत बव्हंशीं कॅप्टन मॅकिंटॉश नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची. १८२८ पासून दोनएक वर्षें रामजी भांगरे व त्याचे साथीदार यांनीं या डोंगरांत जें बंड केलें, तें मोडावयास निघालेल्या फौजेंत हा होता. बंदूक घेऊन ज्यांच्या पाठीवर धांवावयाचें त्यांचींच कुळें, लग्नविधि, देवदेवस्की हीं सवडीनें टिपून ठेवावयाचीं, हा इंग्रजांचा एक विलक्षण गुण होता. त्यास गुण म्हणावें कीं दुसरें कांहीं, हें वाचकांनींच ठरवावें. पण त्यानें तें टिपलें नसतें तर आज आम्हांस रगतवानाचें नांवही कळतें ना. त्यानें कोळ्यांचीं २४ मुख्य कुळें मोजलीं, आणि त्यांच्या दोनशेंहून अधिक शाखा. पुढें कैक वर्षांनीं, १९५७ सालीं, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनीं महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

भाच्यास हें सर्व मिळाल्यावर तो मोठा खूष झाला. त्याच्या दहा हजार वर्षांस जणूं सरकारी पुरावाच सांपडला! तेथें मात्र आम्हांस त्याचा हात धरावा लागला. त्या २४ कुळांचीं नांवें पाहावीं: चव्हाण, पवार, जगताप, गायकवाड, दळवी, कदम. हींच नांवें मावळांतल्या आणि देशावरच्या मराठ्यांच्या घरोघर आहेत. ‘प्राचीन काळापासून अढळ’ असें ज्यास आपण म्हणतों, त्यांत कोण केव्हां येऊन मिसळला आणि कोण केव्हां निसटला, याचा पत्ता त्या नांवांतच लागतो. खुद्द गॅझेटियरही गोतरणीविषयीं लिहितांना ही पद्धति अलीकडेपर्यंत होती असें म्हणतें. म्हणजे १८८४ च्या सुमारासच ती मोडकळीस आली होती. बावन मावळें, प्रत्येक मावळावर एक नाईक आणि सर्वांवर जुन्नरास सरनाईक, अशी जी जुनी घडी होती तिच्या जोरावर ही सभा उभी होती. नाइकाची सत्ता गेली, इनसाफ कचेरींत गेला, देवगांवच्या राघोजी भांगऱ्यास इंग्रजांनीं १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. मग साबळ्यानें कोणास धरून कोणापुढें उभें करावयाचें? सत्तेचा टेंकू काढला कीं अढळ वस्तूही ढळतात. दहा हजार वर्षें हा शब्द खोडून टाक, असें आम्हीं भाच्यास सांगितलें. त्यानें तो खोडला नाहीं. पेन्सिलीनें नुसती रेघ ओढून ठेवली.

दुसरीही एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटली. आपल्याकडे जातिव्यवस्था म्हटली कीं देशावरचा भरलेला गांव डोळ्यांपुढें येतो: पाटील, कुळकर्णी, बारा बलुतेदार, वेशीबाहेरचा महारवाडा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ लिहून त्या गांवाचा एक एक आरा उलगडून दाखविला, आणि आम्ही नगरकर त्यांतच वाढलों. डांगाणांत तसें नाहीं. तेथें वाडीच्या वाडी एकाच जमातीची. आणि तरीही, जेथें वरखालीं करावयास दुसरी जात फारशी हाताशीं नाहीं, तेथें एकाच जमातीच्या पोटांत न्याय देणारें, हेरगिरी करणारें, हाड बांधणारें अशीं घराणीं निघालीं. शेजारच्या ठाकरांतही ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर असे दोन भेद आहेत, आणि त्यांचा आपसांत बेटीव्यवहार होत नसे. उतरंड रचावयास माणसास फार भांडीं लागत नाहींत, दोन पुरतात.

असो. पुस्तकांतली गोष्ट पुस्तकांत राहती. पण भाच्यानें हट्टच धरला कीं, मामा, तो मुलूख आम्हांस दाखवा. आम्हांसही तिकडे जाऊन वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. ज्येष्ठ नुकताच लागला होता. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि भंडारदऱ्याच्या बाजूस काजवे पाहावयास पुण्यामुंबईच्या मोटारी लोटत होत्या. आम्ही राजुरास उतरलों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर रतनगडाच्या पायथ्याच्या एका वाडींत आहे. तो तालुक्याच्या गांवीं नोकरीस असतो, परंतु त्याचे वडील वाडी सोडून कोठें जात नाहींत. वय ऐशींच्या पुढें, पाठ अजून ताठ. आम्हांस पाहतांच ओट्यावरून उठून म्हणाले, “गुरुजी, लई दिसांनी वाट चुकला.” नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि काळा चहा झाल्यावर भाच्यानें वही उघडून हळूच विषय काढला.

बाबांनीं नांवें ऐकून घेतलीं. रगतवान, मेटल हीं त्यांस ठाऊक नव्हतीं. मडक्या म्हणतांच त्यांनीं मान हालविली.

“हाडक्या, मडक्या आमी कुनी पायला नाय. पन ढाळीचं आजी सांगायची.” एवढें बोलून ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग आमच्याकडे न पाहतां भाच्याकडे पाहून सांगूं लागले.

त्यांच्या आजीची एक धाकटी बहीण होती. नवरा लौकर मेलेला, पदरीं एक पोर. वाडींतल्याच एका मनुष्याशीं तिचें नांव जोडलें गेलें. पंच बसले. दोघांसही दंड सांगितला. “बाप्याच्या घरी दोन बैल व्हते. त्यानं एक इकला, दंड भरला, जेवान घातलं, झाला शुद्ध. हिच्याकडं काय व्हतं?” तिच्या दारावर ढाळी लागली ती ऐन ज्येष्ठांत.

ज्येष्ठांत, हें बाबांनीं दोनदां सांगितलें. त्यांतील मर्म भाच्यास प्रथम कळलें नाहीं, कारण पुण्यांत ज्येष्ठांत छत्री दुरुस्त करण्यापलीकडे कांहीं करावें लागत नाहीं. नगर शहरास वर्षांत पांचसहाशें मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास घाटघरास तो पांच हजारांच्या घरांत जातो. तेव्हां ज्येष्ठांत घर शाकारलें नाहीं तर आषाढांत त्या घरांत मनुष्यानें राहावयाचें नाहीं. शाकारणी एकट्यादुकट्याचें काम नव्हे. पुढें भाताची आवणी. रोप उपटून तें चिखलांत लावावयाचें तें मोजक्या दिवसांतच, नाहींतर वर्ष गेलें. त्यास दहा हात लागतात, आणि ते हात आज तुमच्या खांचरांत, उद्यां माझ्या, असे फिरत असतात. खांचराचें पाणीसुद्धां वरच्याच्या बांधावरून खालच्याकडे उतरतें. अशा मुलुखांत शेजाऱ्यानें नुसतें येणें बंद केलें कीं पुरें. मारावें लागत नाहीं, शिवी द्यावी लागत नाहीं. सपाटीवरचा मनुष्य बहिष्काराच्या दुःखांत मानहानि पहिली मोजतो. डोंगरांत गळणारें छप्पर पहिलें मोजावें लागतें.

“इस्तू मागायला गेली तर दार लावायचं,” बाबा म्हणाले. “आजी सख्खी बहीन, पन तिनंबी लावलं. लावावं लागलं. नाय तर आमच्याबी दारावर ढाळी. भाऊ व्हता, त्याच्याकडं बैल व्हते. त्यानं नाय इकले. मंग एका राती ती पोर घेऊन घाट उतरून कोकनात गेली. पुढं काय झालं कुनाला ठावं.” मग थोड्या वेळानें, “आजी मरस्तवर जेवताना पयला घास काढून ठिवायची. आमाला वाटायचं देवाला.”

भाच्यानें विचारलें, तिनें दंड भरला असता तर? बाबा म्हणाले, “तर मंग मडकी बाहेर, घर सारवायचं, गोताला जेवान. दुसऱ्या दिशी सगळं पयल्यासारखं. मागचं कुनी काढायचं नाय. काढलं तर काढनाऱ्याला दंड.”

त्या रात्रीं आम्ही बाबांच्या ओट्यावर निजलों. भाचा बराच वेळ विजेरीच्या उजेडांत लिहीत होता. मग त्यानें वही मिटली. समोरच्या हिरड्याच्या झाडावर काजवे लागले होते, तेही त्यानें पाहिले नाहींत.

दुसरे दिवशीं राजुराहून परत निघालों. गाडींत तो आपण होऊन म्हणाला कीं, आतां असल्या गोष्टींवर कायदा आहे. आहे खरा. महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अमलांत आला. असा स्वतंत्र कायदा करणारें हें देशांतलें पहिलें राज्य. त्यापूर्वीं १९४९ सालीं मुंबई राज्यानें बहिष्कृत करण्यास बंदी केली होती, परंतु तो कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं रद्द ठरविला. हें सर्व आम्हीं त्यास सांगितलें, आणि शिक्षकाच्या संवयीस अनुसरून जरा लांबणच लाविली. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें. अकोलें मागें पडलें, उंसाचे मळे लागले. तेव्हां तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “मामा, आपल्या घरांत मडक्या कोण होतं?”

आम्हांस त्याचा रोंख कळला. त्याच्या आईनें, म्हणजे आमच्या बहिणीनें, त्यास सांगितलें असलें पाहिजे.

आमचें घराणें नेवासें तालुक्यांतल्या एका गांवच्या कुळकर्ण्यांचें. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें गेलीं, आणि दप्तराचा रुमाल आजोबांनीं आपल्या हातानें बांधून सरकारजमा केला. त्याबद्दल त्यांनीं कधीं कुरकूर केली नाहीं. ते मोठे वाचणारे होते. आमच्या आत्यास त्यांनीं घरांत विरोध असतां शिकविलें, ट्रेनिंग कॉलेजांत पाठविलें. मुलीस पहिली नोकरी लागली त्या दिवशीं त्यांनीं गांवांत पेढे वांटले. १९६२ सालीं त्याच आत्यानें आपल्या शाळेंतल्या एका शिक्षकाशीं लग्न केलें. ते दुसऱ्या जातीचे होते. आम्ही तेव्हां सात वर्षांचे. आजोबा ओरडले नाहींत कीं कोणास मारलें नाहीं. संध्याकाळीं पंक्तींत बसतांना ते एवढेंच म्हणाले कीं, तें नांव या घरांत पुन्हां काढावयाचें नाहीं. झालें. ना सभा, ना चौकशी, ना दंड. रगतवानापासून हाडक्यापर्यंत साऱ्या हुद्द्यांचें काम त्यांनीं एकट्यानें, एका वाक्यांत उरकलें. मात्र शेवटचा हुद्दा त्यांनीं ठेवलाच नाहीं. दंडच सांगितला नाहीं, तर तो भरावयाचा कसा?

गोतरणीचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्याच्या घरीं बैल त्यासच शुद्ध होतां येत होतें, आणि पुरुषाचा बैल विकला जाई तेथें बाईस घाट उतरावा लागे, हें आम्हीं नुकतेंच ऐकून आलों होतों. परंतु त्या डोंगरी लोकांनीं बाहेर घालविण्यास एक मनुष्य नेमला, तसा आंत घेण्यासही एक नेमला होता; आणि त्याचें काम झाल्यावर मागचें उकरणारासच दंड होता. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतून हा दुसरा मनुष्य कोणाच्या वांट्यास आला नाहीं. आम्हीं हाडक्याच्या नांवास हंसलों तेव्हां हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

आजीनें आत्याची एकच वस्तु राखली. एक पितळी पातेलें होतें, त्यावर आत्याचें नांव कोरलेलें. शाळेच्या शेवटच्या परीक्षेंत पहिली आली म्हणून आजोबांनींच तें तिला घेऊन दिलें होतें. घरांतल्या साऱ्या पितळेस चिंचेनें घासतांना आजी तेंही घाशी, आणि मग नांव भिंतीकडे करून फळीवर पालथें घाली. आजोबा १९७१ सालीं वारले, आजी १९७९ सालीं. पातेलें आमच्या वडिलांकडे आलें आणि वडिलांमागून आमच्या माळ्यावर.

येथवर आजोबांची गोष्ट झाली. पुढची आमची आहे. ती सांगावयास आम्हांस गाडींत जड गेली, आणि येथें लिहावयासही जातेच. आत्या संगमनेरास राहत होती. आम्हीं राजुराकडे नोकरी केली ती १९७८ पासून १९८५ पर्यंत. नगरहून जातांना आणि येतांना गाडी संगमनेरास बदलावी लागे. दिवाळीस, मेमध्यें, मध्येंच कोणाच्या लग्नास, अशा त्या सात वर्षांत किती खेपा झाल्या असतील! संगमनेरच्या स्टँडवर आम्ही तासतास बसलों आहों. वर्तमानपत्र वाचलें आहे, उंसाचा रस प्यालों आहों. आत्याचें घर तेथून चालत दहा मिनिटांवर होतें, आणि तें कोणत्या गल्लींत हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. आजोबा वारले होते. वडिलांनीं मना केलें नव्हतें. उलट कामाचें निमित्त काढून ते स्वतः तिला वर्षा दोन वर्षांनीं भेटून येत, असें पुढें कळलें. आमच्या दारावर कोणी ढाळी लावणार नव्हतें. छप्पर गळणार नव्हतें कीं आवणी राहणार नव्हती. आम्हांस कोणीच अडविलें नव्हतें. गेलों नाहीं, एवढेंच. बाबांच्या आजीनें दार लाविलें तें भिऊन. आम्हीं कशास भिऊन लाविलें, याचें उत्तर आम्हांस भाच्यास देतां आलें नाहीं.

तो कांहीं बोलला नाहीं. संगमनेरच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हां त्यानें वरच्या फळीवरची आमचीही पिशवी काढली आणि खालीं उतरून उभा राहिला.

आत्याचे यजमान जाऊन बरींच वर्षें झालीं आहेत. ती मुलाकडे असते, वय ८७. दार तिच्या नातसुनेनें उघडलें. आत्या आंतल्या खोलींत खाटेवर बसून तांदूळ निवडीत होती. तिनें चष्मा वर केला, आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, “तूं दादाचा ना? जेवलांत का?” आमचीं वाक्यें आम्हीं गाडींतून उतरल्यापासून जुळवीत आणलीं होतीं, त्यांतलें एकही उपयोगी पडलें नाहीं. तिनें कोणाबद्दल कांहीं विचारलें नाहीं, कोणास बोल लाविला नाहीं. भाच्यास मात्र जवळ बसवून तूं काय शिकतोस, वहींत काय लिहितोस, हें सगळें काढून घेतलें, आणि त्याच्या नकाशांतल्या एका नदीच्या नांवांत ऱ्हस्वदीर्घाची चूक काढली. आम्ही निघतेवेळीं उंबऱ्याशीं तिनें विचारलें, “माझं पातेलं आहे का रे अजून?”

आहे, असें आम्हीं सांगितलें.

नगरास आल्यावर पातेलें खालीं काढलें. आंतली कल्हई पार उडाली होती. हल्लीं कल्हई करणारा सांपडत नाहीं; भाच्यानें दोन दिवस सायकलीवर हिंडून एक म्हातारा शोधून काढला. पुढच्या रविवारीं आम्ही दोघे पुन्हां संगमनेरास गेलों. आत्यानें पातेलें मांडीवर घेतलें, तें उजेडाकडे फिरवून कोरलेल्या अक्षरांवरून एकदां बोट नेलें, “काना झिजला बघ,” म्हणाली, आणि नातसुनेस दूध आणावयास सांगून तें तापवावयास स्वतःच उठली.